बसून मोजलेली नाडी

मखमलाबाद, नाशिक
६ ऑक्टोबर २०२५

ती. सुवर्णाआत्यास,
प्रतिभाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या वेळी मी फोनवर दहा मिनिटं घसा फोडून बोलले आणि शेवटी तू म्हणालीस, बरं आहे ना सगळं, मग ठेवते. बरं नाही, म्हणून लिहिते आहे. पत्र मंगळूच्या जीपने येईल. उत्तरही त्याच्याच हाती दे. पोस्टाच्या भरवशावर राहू नकोस आणि कानाचं यंत्र डब्यात ठेवू नकोस, ते डब्याला ऐकू येण्यासाठी घेतलेलं नाही.

ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला ते तुला कळलंच आहे. ताप गेला, पेशी वाढल्या, सगळे म्हणाले सुटलीस. पण तेव्हापासून उभी राहिले की छातीत धडधड सुरू होते. पडून असले की काही नाही. उठून मोरीपर्यंत गेले की तीन मजले चढून आल्यासारखं होतं आणि डोळ्यांपुढे करडं येतं. केस विंचरायचे तर बसून. दोनदा ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. नॉर्मल म्हटलं की घरच्यांचे चेहरे आधी उजळतात आणि मग माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने वळतात.

आईने हृदयाचं काहीतरी आहे एवढंच धरलं आणि माझं मीठ तोडलं. भाजी अळणी, वरण अळणी. सोबत म्हणून तीही तसंच जेवते, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. ज्ञानेशदादाने माझा श्वास हाती घेतला आहे. पहाटे उठवून शंभर-शंभर कपालभाती करून घेतो आणि स्वतः नुसता आकडे मोजतो. ते झालं की मी भिंत धरून उठते. तो म्हणतो, शरीरातली घाण निघते आहे, निघू दे.

सप्टेंबरात आठ दिवस ड्यूटी केली. देवळ्याची गाडी होती. पिंपळगाव सोडल्यावर तिकिटं देत मागे गेले आणि पुढे परत येता येईना. मशीन मांडीवर घेऊन मधेच खाली बसले. एक बाई शेजारणीला म्हणाली, कंडक्टरीण झाली तरी बसायलाच पाहिजे. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता नोव्हेंबरअखेर रजा आहे. १ डिसेंबरला मेडिकल. पास झाले तर गाडीवर, नाहीतर पुढचं सांगता येत नाही, असं साहेब म्हणाले. पण आत्या, तिथे खुर्चीत बसवून नाडी बघतात. बसून माझी नाडी ऐंशीच्या आत असते. कोणी विचारलं नाही तर मी होऊन काही सांगणार नाही. या खाकीसाठी मी किती खपले ते तुला ठाऊक आहे.

फार लिहिलं की मानही दमते. तुझी माया आहे तशी असू दे.

तुझी,
प्रतिभा

*

सुरगाणा
११ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतिभास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र मंगळूने तीन दिवस गाडीच्या खणात फिरवलं आणि मग आणून दिलं. वर मलाच विचारतो, आत्याबाई, अर्जंट होतं का.

ज्ञानेशला माझा निरोप सांग. आकडे मोजायची एवढी हौस असेल तर बाजार समितीत जाऊन कांद्याच्या गोण्या मोज म्हणावं, बहिणीचा भाता करू नकोस. तो वेगाचा श्वास आजपासून बंद. ज्याचं काळीज आधीच पळतं आहे त्याला आणखी पळवायचं नसतं.

मी सांगते ते करून बघ. इकडे मी अजून नागलीची भाकरी चुलीवर करते. चूल पेटवताना फुंकणी तोंडाला लावून सावकाश, लांब फुंकर घालावी लागते. घाईने फुंकलं तर राख डोळ्यांत येते आणि आपलंच डोकं फिरतं. नाकाने हळू श्वास घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ सोडत राहायचं. बसल्या बसल्या अशा दहा-बारा फुंकरी घातल्या की आतलं जरा थाऱ्यावर येतं. मग उठायचं, तेही एकदम नाही. तुमच्याकडे गॅस आहे म्हणून नुसत्या ओठांनी कर.

दुसरं, डॉक्टरांना सांग की मला झोपवून नाडी मोजा आणि मग उभं करून पुन्हा मोजा. एकदाच नाही, दहा मिनिटं मोजा. मोजत नसतील तर दुसऱ्याकडे जा. मला हे कसं कळलं ते विचारू नकोस. वय झालं की माणसाला काहीबाही कळतं.

मेडिकलचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही.

नागलीचे पापड पाठवते आहे. तुझ्या आईला विचारल्याशिवाय खाऊ नकोस, त्यात मीठ आहे. यंत्र कानात घातलं आहे. शेजारच्यांची भांडणं फार ऐकू येतात.

जपून राहा, आमचा जीव तुझ्यात आहे.

तुझी,
आत्या

*

मखमलाबाद, नाशिक
२७ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
प्रतिभाचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. भाऊबीजेला दादा पाटावर बसला आणि मीही त्याच्यासमोर बसूनच ओवाळलं. आजवर घरात असं कोणी केलं नव्हतं. आईने तोंड फिरवून समईची वात उगीच सारखी केली.

तुझ्या सांगण्यावरून दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. तू म्हणालीस तसं मोजा, असं मी सांगायच्या आधीच त्यांनी मला दहा मिनिटं झोपवलं. नाडी शहात्तर. मग उभं केलं आणि घड्याळ लावून बसल्या. तिसऱ्या मिनिटाला एकशे दहा, दहाव्याला एकशे अठ्ठावीस. रक्तदाब होता तिथेच होता. दादा बाजूला उभा होता. तो बाहेर जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला.

आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, मला अजून पाठ झालेलं नाही. बाईंनी सांगितलं ते साधं होतं. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. ते वर ओढायला शरीर जी तजवीज करतं ती माझी आजारानंतर बिघडली आहे, म्हणून हृदय धावतं. हृदय चांगलं आहे. मी खोटंही बोलत नाही. हे शेवटचं त्या दादाकडे बघून म्हणाल्या.

मिठाचं तर उलटंच निघालं. मला मीठ आणि पाणी जास्त हवं होतं आणि आम्ही दोन महिने तेच तोडलं होतं. आई घरी येऊन ओट्यापाशी कितीतरी वेळ बसून राहिली. मी म्हणाले, तू मायेनेच केलंस. ती म्हणाली, मायेने केलेलं पोटात जाऊन वेगळं होतं का. आता माझ्या वरणात दोनदा मीठ पडतं आणि मी पुन्हा काही बोलू शकत नाही. तिने मात्र अळणीच खायचं, कारण तिला बीपी आहे.

श्वासाचंही सांगितलं. मी उठताना श्वास कोंडून धरत होते, हे मला माहीतच नव्हतं. आता कॉटच्या कडेला पाय सोडून बसायचं. एक हात पोटावर. चार मोजत नाकाने घ्यायचा, सहा मोजत ओठांतून सोडायचा. असं दहा वेळा. मग पोटऱ्या आवळायच्या, सोडायच्या, आणि श्वास सोडत सोडत उठायचं. उठल्यावर एक मिनिट काहीतरी धरून जागच्या जागी. बाई म्हणाल्या, याने आजार जात नाही. पण धडधडीला घाबरून माणूस जी आणखी धडधड वाढवतो, ती उतरते. पायांत घट्ट मोजे घालते. ते चढवण्यातच माझा निम्मा दिवस जातो.

सध्या सलग पाच मिनिटं उभी राहू शकते. नाशिक ते देवळा अडीच तास आहेत.

तरीही १ तारखेला मी जाणार आणि खुर्चीत बसून हात पुढे करणार. पाच मिनिटांची दहा होतील, दहाची वीस होतील. तोवर गाडीत कुठेतरी टेकून काढेन. तू यावर गप्प राहिलीस म्हणून विचारते. आणि झोपवून-उभं करून मोजायचं तुला कुठून कळलं? वय झालं हे कारण मला चालणार नाही.

रागावू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझी,
प्रतिभा

*

सुरगाणा
९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिभास,
आत्याचे अ. उ. आ.

पाच मिनिटं म्हणजे थोडी नाहीत. मला पहिल्या वर्षी तीनही जमत नव्हती.

आता लिहून टाकते. घरात सगळ्यांना हेच माहीत आहे की लग्न ठरलं म्हणून मी नोकरी सोडली. तसं झालं नाही. शहाऐंशी साली मी डी.एड. करून इकडच्या एका आश्रमशाळेत लागले. पहिल्याच पावसाळ्यात हिवताप झाला. तो गेला आणि तुझं झालं तसंच माझं सुरू झालं. रोज सकाळी प्रार्थनेला उभी राहिले की काळीज गळ्याशी यायचं. दोनदा ओळीतच पडले. गावात म्हणू लागले, बाईंच्या अंगात येतं. स्वयंपाकीण मला भगताकडे घेऊन गेली, त्याने कोंबडं उतरवलं. शाळेत म्हणू लागले, शहरातली पोरगी, तिला काम नको आहे. भगत परवडला.

मग मी लपवायला शिकले. खांबाला टेकून उभी राहायचे. स्वयंपाकघरात चुलीशी बसून फुंकणीने श्वास लांब करायचा ते तिथेच सापडलं. मुलींना झोपवून, उभं करून त्यांची आणि माझी नाडी मोजून बघितली, तीही तिथेच. मुलींना तो खेळ वाटायचा. हेडसरांनी एकदा सरळ विचारलं, बाई, तुम्हाला बरं आहे ना, नसेल तर खालच्या ऑफिसात काम देतो. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. माझाही तुझ्यासारखाच हिशेब होता.

पुढच्याच आठवड्यात जेवणाला जाताना सहा वर्षांच्या एका मुलीचा हात धरून मी दगडी जिना उतरत होते. मध्येच डोळ्यांपुढे अंधारलं. मी पडले आणि तिला घेऊन पडले. मला खरचटलं. तिचं कोपर मोडलं. तिथून दवाखाना लांब, हाड नीट बसलं नाही. रजिस्टरात मी लिहिलं की मुलगी मस्ती करत होती, तिचा पाय घसरला. तिच्या बापाने तिला माझ्यादेखत मारलं आणि माझी माफी मागितली. महिन्याने मी राजीनामा दिला.

तिचं नाव नवसा. आता नवसाबाई. इथेच राहते, बाजारात भाजी घेऊन बसते. उजवा हात तिला सरळ करता येत नाही, तराजू डाव्या हाताने धरते. चाळीस वर्षं होत आली, मी तिच्याकडूनच भाजी घेते आणि कधी घासाघीस करत नाही.

तुला काय कर हे मी सांगत नाही. मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. तू ज्या गाडीत उभी राहणार तिच्यात कडेवर पोरं घेतलेल्या बायका असतात, एवढंच.

फार थकले. उद्या वाचून बघितलं तर फाडून टाकीन, म्हणून आजच मंगळूकडे देते.

तरी मला आपलीच समज.

तुझी,
आत्या

*

मखमलाबाद, नाशिक
४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
प्रतिभाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला तीनदा बसले. मेडिकल होऊन जाऊ दे, मग लिहू, असं ठरवलं.

सोमवारी दादा रिक्षाने घेऊन गेला. बाहेर बाकावर तास गेला. आत बोलावलं, खुर्चीत बसवलं, पट्टा गुंडाळला. सगळं उत्तम. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. काही त्रास, असं त्यांनी कागदाकडे बघतच विचारलं आणि पेन सहीच्या जागी नेलं. आत्या, तेवढ्यात नाही म्हटलं असतं तर संपलं होतं. मी बसल्या बसल्या एक लांब श्वास सोडला. मग म्हणाले, "सर, उभं करून मोजा."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. मी उभी राहिले. बोलायचं नाही, टेकायचं नाही. श्वास लांब ठेवला, पोटऱ्या आवळत राहिले, तरी आठव्या मिनिटाला एकशे सोळा. त्यांनीच मला धरून बसवलं. म्हणाले, असं स्वतःहून सांगणारं माणूस इथे सहसा येत नाही. मी म्हणाले, मीही तसं ठरवून आले नव्हते.

सहा महिने गाडीवर जायचं नाही असा शेरा दिला आहे. नंतर पुन्हा तपासणार. तोवर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचं. काल पहिला दिवस होता. दिवसभर तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि समोरून देवळ्याची गाडी माझ्याशिवाय निघाली. तिच्यावर दुसरी मुलगी होती, तिने हात केला. मीही केला. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. दादा म्हणाला, गप्प राहिली असतीस तर. मग स्वतःच म्हणाला, नको, बरं झालं. बरं झालं की नाही मला अजून ठरवता आलेलं नाही. फक्त रात्री झोप लागली.

उभं राहणं सात मिनिटांवर आलं आहे. कधी चारावर जातं. डॉक्टरबाई म्हणतात, असंच पुढे-मागे होत वर्ष जाईल.

नवसाबाईंचं वाचून मी काय लिहू. तू सांगितलंस म्हणून मी सांगू शकले, एवढंच लिहिते.

तुझ्या पत्राची वाट बघते.

तुझी,
प्रतिभा

*

सुरगाणा
१४ डिसेंबर २०२५

चि. प्रतिभास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि बाजारात गेले. बाजार उठेपर्यंत थांबले. नवसाबाई पाल गुंडाळत होती. मी तिच्याशेजारी खाली बसले आणि सांगून टाकलं. जिन्यावर तू घसरली नव्हतीस, मी पडले होते. रजिस्टरात मी खोटं लिहिलं, तुझ्या बापाचा मार तुला माझ्यामुळे बसला.

ती पाल गुंडाळतच राहिली. मला वाटलं, यंत्र बंद पडलं म्हणून तिचं बोलणं ऐकू येत नाही. मग तिने दोरी बांधली आणि म्हणाली, "मला ठावं होतं बाई. तुम्ही मला धरलंच नव्हतं. मीच तुम्हाला धरलं होतं."

म्हणाली, वरच्या पायरीवरच तुमचा हात ढिला पडला. बाई पडतील म्हणून मी दोन्ही हातांनी गच्च धरलं. सोडलं असतं तर मला काही झालं नसतं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही बोलला नाय, मग मी कशी बोलू.

अंधार पडायला आला तेव्हा तिने उरलेली मेथी माझ्या पिशवीत टाकली आणि पैसे सांगितले. मी पाच रुपये कमी कर म्हणाले. तिने नाही केले.

थंडी वाढली आहे, मोजे घालायचा कंटाळा करू नकोस. तुझ्या आईला नमस्कार, ज्ञानेशला आशीर्वाद. माझी आठवण ठेव.

तुझी,
आत्या