तिवरखारच्या शाळेची जागा कोणाच्या नावावर

मी, पुंडलिक कान्हू मढवी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापक व सध्या शाळेच्या संस्थेचा कार्यवाह, राहणार मौजे तिवरखार, तालुका पेण, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीत असून कोणाच्या धाकाने किंवा गळ घातल्याने नव्हे, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या पोटात गाठ आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी पावसाळ्यापुढचे काही बोलायचे टाळले. डोके मात्र शाबूत आहे. नसते तर बरे झाले असते, निदान झोप तरी लागली असती.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी इंदुबाई हिची. तिच्या पश्चात घर मुलगा जगन याचे. इंदुबाईने जगनला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये, आणि जगनने तिला विचारल्याशिवाय.

२. बाबांचा मीठ ओढायचा लाकडी फावडा माझी धाकटी बहीण पुतळी हिला द्यावा. बाबांच्या मागे तो तिनेच चालवला. सातवीच्या पुढची शाळा पेणला, मुलीला इतक्या लांब कोण धाडणार, म्हणून ती मिठागरात उतरली. मी मुलगा, म्हणून मामाकडे राहून शिकलो. तिच्या तळपायांच्या भेगा मला बघवेनात, म्हणून १९६८ साली आमच्या गावठाणातल्या जागेत मी आठवीचा वर्ग काढला. आज तिथे दहावीपर्यंत शाळा आहे, अनुदान आहे, मिठागरातल्या मुली दहावी पास होतात. जागा मात्र अजून माझ्याच नावावर आहे. आज करू, उद्या करू म्हणत राहून गेले.

३. ही जागा संस्थेला देता येत नाही. संस्था म्हणजे आता अध्यक्ष पोपट दळवी. रामवाडीत त्याचा प्लॉटचा धंदा आहे. हा माझाच विद्यार्थी, मीच त्याला अध्यक्ष केले. इमारतीला पत्रे घालून देतो म्हणाला, मी भुललो. पत्रे आले, त्याच्या पाठोपाठ त्याची माणसे कमिटीत आली. गेल्या दिवाळीत तो मला म्हणाला, "सर, शाळा रामवाडीला हायवेवर नेऊ. इंग्लिश मीडियम करू, बस फिरवू. हितली जागा मोकळी होईल, खाडीचा व्ह्यू हाय." मी विचारले, मिठागरातल्या पोरी रामवाडीला कशा येतील? तो म्हणाला, "ज्याला शिकायचं हाय तो येतो, सर. तुम्हीच शिकवलंत ना?" या मनुष्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. हार तर मुळीच आणू नये.

४. जगनलाही जागा देता येत नाही. तो रोह्याला कंपनीत आहे, तिथेच जवळ वरसे गावात राहतो. शिफ्ट संपवून परवा आला, माझ्या उशाशी बसला आणि म्हणाला, "बाबा, तुमी शाळेला बाप दिलात, मला नाय दिलात. माज्या नावावर केलीत तर मी इकनार. खोटं कशाला बोलू?" खरे बोलला, त्याबद्दल त्याच्यावर राग नाही. माझे मनगटी घड्याळ त्याला द्यावे.

५. ग्रामपंचायतीचे नावही लिहून पाहिले. सरपंच पोपटचा भागीदार निघाला. मग वाटले, गावालाच द्यावी. खाडीच्या बांधाला खांड पडली की अख्खे गाव फावडी घेऊन धावते, कोणी कोणाला बोलवत नाही. पण शाळा हलवण्याची सभा झाली तेव्हा पाच-सहा डोकी आली, त्यातही दोघे चहाला. पोपटच्या ठरावावर शिक्षकांनी एकेक करून सह्या केल्या. त्यांना पोटे आहेत. आता माझ्याकडे माणूस उरला नाही. इतकी वर्षे शाळा चालवून जिच्या हाती द्यावी अशी एक व्यक्ती मला सापडू नये! देवा, हे काय झाले?

६. म्हणून, निरुपाय होऊन, शाळेची जागा माझ्यामागे श्रीमती चंद्रावती गुणाजी धनावडे यांच्या नावे व्हावी. बाई आमच्या शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापिका. त्यांचे माझे कधी पटले नाही. मी निवृत्त झालो तरी मुख्याध्यापकाच्या खोलीत बसतो, अशी तक्रार त्यांनी अलिबागला शिक्षणाधिकाऱ्यांकडे केली होती. त्यांना कायम करण्याच्या प्रस्तावावर मी सही केली नाही. त्याची कारणे येथे लिहीत नाही. पण पोपटच्या ठरावावर सही न करणाऱ्या त्या एकट्या. पोपटने पगार अडवीन म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अडवा. मी वर्गावर चाललेय."

७. हे कलम मागाहून, त्याच दिवशी लिहिले. चंद्रावतीबाईंना मी साक्षीदार म्हणून बोलावले होते. दुसरे साक्षीदार डॉक्टर नाथा तांडेल म्हणाले, जिला मिळकत मिळते तिने साक्षीची सही करू नये. म्हणून साक्षीदारांतून बाईंचे नाव खोडले. बाईंनी कलम ६ उभ्यानेच वाचले आणि कागद माझ्या पांघरुणावर ठेवला.

"सर, मेल्यावर देताय? तुमचं तेरावं होईस्तोवर पोपटशेट कोर्टात जाईल. मी प्रभारी ती प्रभारीच. द्यायचीच तर डोळ्यांदेखत द्या. खोली पण द्या."

मी ओरडलो, चालत्या व्हा म्हणालो. त्या हलल्या नाहीत. इंदुबाई चुलीपासून उठून आली. "अवो, सोडा ना ती शाला. कवाची सांगतंय मी. हाताची मूठ उघडत नाय तुमची."

मी रडलो. ते लपवत नाही. शाळा सोडायची या विचाराने जितका घाबरलो, तितका गाठीचे नाव ऐकूनही घाबरलो नव्हतो.

सबब कलम ६ वर आडवी रेघ मारली आहे. उद्या पेणच्या कचेरीत जाऊन ही जागा मी चंद्रावतीबाईंना बक्षीसपत्राने देत आहे. गाडी जगन आणतो म्हणाला आहे. बाईंना कायम करण्याच्या प्रस्तावावर आणि माझ्या कार्यवाहपदाच्या राजीनाम्यावर आताच सह्या केल्या. सोमवारपासून मी त्या खोलीत बसणार नाही. राहवले नाही तर पालकांच्या बाकावर बसेन, आणि बाईंनी आत बोलावले तरच आत जाईन.

या कागदाने बाईंना आता काहीच मिळत नाही, म्हणून त्यांचे खोडलेले नाव साक्षीदारांत पुन्हा लिहिले आहे. शाळेविषयी या मृत्युपत्रात माझे काहीही उरलेले नाही.

ठिकाण : तिवरखार, तालुका पेण
दिनांक : १० फेब्रुवारी २०११

(सही) पुंडलिक कान्हू मढवी

आमच्या समक्ष, मजकूर वाचून पाहून त्यांनी सही केली :
१. डॉ. नाथा हिराजी तांडेल, पेण. रुग्ण शुद्धीवर आहे.
२. चंद्रावती गुणाजी धनावडे, मुख्याध्यापिका