जाळ्याची दोरी

प्रिय छोटू,

मिशा फुटल्या तरी मी तुला छोटूच म्हणणार, रागावू नकोस. फोन असताना ताईने पत्र का लिहिलं, असं वाटलं असेल. आपली खोली एकच, आणि मी फोन कानाला लावला की माय शेजारी येऊन बसते. मला जे सांगायचं आहे ते तिच्यासमोर सांगता येत नाही. नाल्याचं पाणी उतरलं की शेजारची शकुनबाई भंडाऱ्याला जाणार आहे, तिच्या हाती हे देते.

पावसाचा आज पाचवा दिवस. मोहाडीचा रस्ता पुलावर बुडालाय. पुढे नाला, मागे तलाव, आणि मधे आम्ही दोघी चुलीपाशी. वीज चमकली की माय मला दारातही उभं राहू देत नाही. बाबा गेल्याला वर्ष झालं, तेव्हापासून मी तलावाच्या पाळीवर पाय ठेवलेला नाही. उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हासुद्धा भर उन्हात डोक्याला ओला दुपट्टा बांधून पाणी आणायला तीच गेली. मला कोंडून घेतल्यासारखं होतं रे. पण तक्रार कोणत्या तोंडाने करू?

परवा तू तिला म्हणालास, सलंग वाहायला लागला की येतो, बाबांसारखं जाळं मीच टाकतो. तलाव भरून जादा पाणी सलंगावरून पडायला लागलं की मासे तिथेच गोळा होतात, हे तुला कुणी शिकवायला नको. माय रडली आणि हो म्हणाली. जाळं काढून तिने दारामागे टांगलंय. तेव्हापासून माझी नजर त्याच्या दोरीवरून हटत नाही.

बाबा गेले तेव्हा तू जवाहरनगरला दुकानावर होतास, तुला सगळं ऐकूनच माहीत. बाबा दोरीचं टोक डाव्या मनगटात नुसतं सैल अडकवायचे. हात झटकला की सुटायचं. आदल्या वर्षी ते असंच सुटलं, जाळं वाहून गेलं, आणि बाबा दोन दिवस फुगून बसले. मी त्यांना काय कमी चिडवलं! त्या दिवशी मात्र जाळं वाहत्या ओंडक्यात अडकलं आणि दोरी हातातून निघालीच नाही. एवढा पट्टीचा पोहणारा माणूस, गुडघाभर पाण्यातून ओढला गेला. बाहेर काढलं तेव्हा गाठ सुटेना, विळ्याने कापावी लागली. माय अजून रोज त्यांच्याशी भांडते. भात वाढता वाढता भिंतीकडे बघून म्हणते, "एवढे जुने माणूस तुमी, अन् हाताले गाठ काहून मारली जी?" गावही बाबांनाच दोष देतं, इतवारीचंच चुकलं म्हणतं. मी खाली मान घालून तांदूळ निवडत बसते.

छोटू, एका हाताने तशी गाठ मारता येत नाही. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या सकाळी बाबांना ताप होता, बोटं थरथरत होती. मनगट माझ्यापुढे करून म्हणाले, "बाई, पक्की बांध वं. औंदा जाळं जाऊ द्याचं नाही." मी दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या, आणि हसत म्हटलं, "आता गेलं तं तुमाले घेऊनच जाईल." तेही हसले. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण दोरी कधीच मनगटाला लावू नकोस. मुठीत धर, आणि ओढ बसली की सोडून दे. यंदा तर सलंगावर जाऊच नकोस. पाणी ओसरल्यावर ये, रस्ता कोरडा झाल्यावर ये. मायला हे सांगायचं आहे आणि एकटीने सांगायची माझी हिंमत नाही. तेव्हा तू माझ्या शेजारी बसावंस, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तुझीच,
ज्योत्स्नाताई