गळ्यातली पिशवी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

निषेध! वासंतीने माझ्या मोबाइलला पिशवी शिवली आणि ती माझ्याच गळ्यात घातली. उरलेल्या ब्लाउजपिसाची, जांभळ्या फुलांची. आमच्या घराण्यात पुरुषाच्या गळ्यात जानव्याखेरीज काही पडलं नव्हतं. आता मी दारोदार फिरणाऱ्या नंदीबैलासारखा दिसतो. वर हुकूम — "अकराला फोन करीन. तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा!"

कारण, बाईसाहेब आजपासून नोकरीवर. भाट्ये गावात सावनी म्हणून दातांची डॉक्टर आहे, तिचा आठ महिन्यांचा अनिश सांभाळायचा. नऊ ते पाच.

वासंतीने लग्नाआधीपासून लोकांची मुलं सांभाळली. एकूण चौदा. पंधरावं मूल मी. नऊ वर्षांपूर्वी अर्धांगवायूने माझी डावी बाजू गेली. शाळेतले माझे संस्कृतचे तास बंद झाले, त्याच आठवड्यात तिचंही काम सुटलं. पुढे मी काठी घेऊन चालू लागलो, पण तिचं काम सुटलं ते सुटलंच.

संध्याकाळी पाच चाळीसला आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ नव्हे, कोऱ्या चेहऱ्यावर टीका लिहिणार कशी?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

"हात विसरलेत हो," म्हणाली. तेल लावलेलं मूल म्हणजे शहाळ्यातली मलई — धरावं तिथून निसटतं. काल म्हणे तिची छाती धडधडत होती. चौदा मुलं वाढवलेल्या बाईची!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आजचा वृत्तांत सविस्तर लिहिलाच पाहिजे.

पाटावर बसून, पाय पसरून, पिंढऱ्यांवर मूल आडवं घेऊन न्हाऊ घालायचं, ही वासंतीची पद्धत. सावनी आज दवाखान्यात उशिरा जाणार, म्हणून शिकायला शेजारी बसलेली. आणि वासंती त्या आठ महिन्यांच्या जिवाला म्हणाली, "अहो, उजवा हात वर करा. डावा मी धरते."

सावनी हसून हसून लोळायची बाकी. "काकू, ह्याला अहो?"

नऊ वर्षं एकाच माणसाला आंघोळ घातली की जिभेला तेवढंच वळण राहतं. सांगताना वासंती स्वतःही खूप हसली. मीही हसलो. अनिशने म्हणे खरंच हात वर केला. माझ्यापेक्षा आज्ञाधारक!

सोमवार, १० नोव्हेंबर

आज उलटा प्रकार. भात कालवून माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "आ कर बघू." मी केला. मग दोघांनाही हसू आवरेना.

रोज पाच चाळीसला माझी प्रश्नपत्रिका तयार असते. आज काय खाल्लंन्? दात आला का? झोपताना कोणती कुशी? ती हात धुता धुता उत्तरं देते. हिला एवढं बोलता येतं, हे मी विसरलो होतो.

आणखी एक शोध. फाटकापासून पायरीपर्यंत तिची अकरा पावलं होतात. झपझप. नऊ वर्षांत ती कुठून येतच नव्हती, तर पावलं ऐकू येणार कशी?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

या आठवड्यात दोनदा तिची बस चुकली. कारण मी. माझी सकाळची आंघोळ उरकून निघायला उशीर होतो. सावनी रागावली नाही, एवढंच म्हणाली, "काकू, माझा पहिला पेशंट साडेनऊला असतो हो."

मी जाहीर केलं, "उद्यापासून माझी आंघोळ मी करणार. तू गेल्यावर, सावकाश."

"पडाल."

"पडलो तर फोन आहेच की गळ्यात, तुझ्या कृपेने!"

पिशवीचा बंद माझ्या गळ्यात नीट करत म्हणाली, "एकदा जरी पडलात ना, तर मी सावनीला नाही म्हणून सांगणार. आधीच सांगून ठेवत्ये."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

केली! साबण दोनदा निसटला, मी एकदाही नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

अनिश वासंतीचा खांदा धरून उभा राहायला लागला. पडतोही. पडला की आधी इकडेतिकडे बघतो — कोणी पाहिलं का? पाहिलं नसेल तर रडतच नाही, खुशाल रांगायला लागतो. "लबाड मेला!" म्हणताना वासंतीचा चेहरा असा काही फुलला होता, की पुढचा प्रश्न मी विसरलो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज न्हाणीघरात पडलो. पिशवी बाहेर खुंटीला. अकराला वाजली, थांबली, पुन्हा वाजली. उठायला पाऊण तास लागला. मग मीच फोन करून सांगितलं — झोप लागली होती.

कोपर सोललंय. पूर्ण बाह्यांचा सदरा घातलाय. पाच चाळीस होतील आता.

पडण्याची भीती वाटत नाही. ती पुन्हा घरी बसेल, याची वाटते.