होर्मुझ आणि देवापुढचा नारळ

१६ जून
तनुजाचा मेसेज— 'पप्पा, उद्या होर्मुझ. दोन-तीन दिवस फोन नाही लागणार. टेन्शन घेऊ नका.' म्हणजे घ्यायचंच! टीव्हीवर तिकडं क्षेपणास्त्रं उडतायत आणि आमची लेक तेलाच्या जहाजावर थर्ड ऑफिसर. बायकोनं, हिरानं, देवापुढं नारळ ठेवला. पोरगी सामुद्रधुनीतून सुखरूप बाहेर पडली की फोडायचा.

१७ जून
रानात गेलोच नाही. सकाळपासून नकाशा बघतोय. काय ही जागा! वर इराण, खाली ओमान, मध्ये चिंचोळं पाणी— मांजरीहून यवतला जावं एवढंच, पस्तीसेक किलोमीटर! त्यातही जहाजांना जायची एक पट्टी, यायची एक. जगातल्या तेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एवढ्याशा फटीतून जातो. माझ्या ट्रॅक्टरचं डिझेलही त्यातलंच असेल!

आमच्या कालव्याच्या चारीचं दार आठवलं. दार ज्याच्या हातात, त्याच्यापुढं खालचे सगळे बागायतदार हात जोडून उभे. इथं तर अख्खं जग उभं आहे.

१८ जून
जहाजं दाखवणाऱ्या ॲपवर तनुजाच्या जहाजाचा ठिपका वाळवंटात! चक्क जमिनीवर! हिरा ओरडली, "अवो, बुडालं-बिडालं न्हाय ना? बघा की नीट!" लोणी काळभोरला, तनुजाच्या कॉलेजात फोन लावला. सर म्हणाले, "तिकडे जीपीएस जॅम करतात, मग जागा चुकीची दिसते. ठिपक्यावर विश्वास ठेवू नका. आपली मुलं रडारवर आणि डोळ्यांनी बघून जहाज काढतात."

डोळ्यांनी! फाटकातून स्कूटी काढताना दर वेळी खांबाला घासायची ती पोरगी! आणि आता ते डोंगराएवढं जहाज, त्या फटीतून. खरं सांगतो, ऊर भरून आला.

१९ जून
ठिपका मोकळ्या निळ्या पाण्यात! सुटली! गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या आप्पासाहेबांना दोन जास्त— 'पोरीला कशाला धाडता समुद्रावर' म्हणाले होते ना! हिराला मात्र नारळ फोड म्हटलं, तर म्हणाली, "फोडू की. घाई काय हाय?"

२० जून
तनुजाचा फोन. 'पप्पा, पेढे कसले वाटताय? आम्ही रिकामं जहाज घेऊन आत, आखातात आलोय. आता तेल भरून त्याच वाटेनं बाहेर!'

हिराला हे तिनं आधीच सांगितलं होतं. नारळ देवापुढं तसाच आहे.