बाबांच्या गाडीतली फट

शनिवार, संध्याकाळ
चेरीताल

आज हसूही येऊन राहिलं आहे आणि थोडी लाजही वाटते.

बाबांच्या जुन्या गाडीचं हेड गॅस्केट गेलं, म्हणून सकाळी नेपियर टाउनच्या मिस्त्रीकडे इंजिन उघडलं. शिसं घातलेलं पेट्रोल बंद झाल्यापासून मला एकच धास्ती. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह ज्या सीटवर बसतो ती नरम असते, शिशाचा थर तिला जपायचा. तो थर नसला की सीट झिजते, व्हॉल्व्ह आत रुततो आणि त्याच्यात अन् त्याला दाबणाऱ्या टॅपेटमध्ये असते ती फट कमी होत जाते. म्हणून मी गाडी फक्त कॉलनीत फिरवायचो आणि दर रविवारी गेजची पातळ पट्टी घालून फट मोजायचो. ती कधीच कमी झाली नाही. मला वाटायचं, माझ्या जपण्यामुळे.

मिस्त्री सीटवर बोट ठेवून म्हणाला, "भैया, इसमें तो कड़क रिंग पहले से डली है. किसने डलवाई?"

बाबांनीच, दुसरं कोण? आयुष्यभर फॅक्टरीत फिटर होते. कडक रिंग शिशाविनाही झिजत नाही; फट तेवढीच का राहायची ते आज कळलं. पण जाण्याआधी मला सांगितलं काहून नाही? की मीच कधी विचारलं नाही?

घरी येऊन बायकोला, सुनंदाला सांगितलं. ती मेथी निवडत म्हणाली, "मग इतकी वर्षं मी भेडाघाटला ऑटोनं काहून गेली?"



उद्या गाडीनं भेडाघाट. सवयीनं गेज डिकीत ठेवला होता. सुनंदानं तो काढून शिवणाच्या डब्यात टाकला. राहू दे तिथंच.