घोडीच्या खुराकाची बिस्किटं

आत्या,

"घोडीच्या तोंडचं काढून माणसानं खाऊ नये गं माय," असं तुम्ही म्हणाला होतात आणि ओट्सचं पाकीट नाकाशी धरून, वास घेऊन, माझ्या हातात परत दिलं होतं. मेंढरांमागं फिरायचात तेव्हा बिऱ्हाड पाठीवर वाहणारी घोडी तुमच्याकडं होती. तिला तुम्ही असाच कोंडा घालायचात. मी समजावत होते की हा कोंडा नाही, ओट्स आहेत, डॉक्टरसुद्धा खायला सांगतात. तुम्ही म्हणालात, "डाक्टरच्या घरी घोडी नसंल."

आज दुपारी तसलंच पाकीट फोडलं आणि एकटीच हसले. घरात कुणी नव्हतं, त्यामुळं हसू लवकर संपलं. ओव्हन तापत ठेवलाय. उद्या तुमची तिथी. वडे, खीर, कढी सगळं सकाळी होईल, पण कुकी आदल्या दिवशीच करून ठेवते मी. तुमच्या पानात दरवर्षी वड्याशेजारी एक कुकी असते. शेजारीण म्हणते, असलं काही वाढत नसतात. मी वाढते.

पहिल्यांदा केल्या तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. लेक दुसरीत होती. वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊन आली आणि आल्यापासून एकच, "आई, तसली चॉकलेटची गोळी गोळी असलेली बिस्किटं कर." तिचे बाबा आपल्याला सोडून दुसरीकडं राहायला गेले त्याला फार दिवस झाले नव्हते. ती काही मागायचीच बंद झाली होती, म्हणून हे मागणं मला मोडवेना. पेपरच्या पुरवणीतली ओट्सच्या कुकीची कृती कापून घेतली. चॉकलेटच्या गोळ्या आपल्या भागात कुठं मिळत नव्हत्या, तर मी जाडजूड लादी आणली, आणि तुम्ही ती विळीवर घेतलीत. पाय दुमडून, विळीचा पाट दाबून, सुपारी कातरावी तसं चॉकलेट चिरताय, आणि लेक तुमच्या गुडघ्याला लागून खालचा चुरा बोटानं टिपतेय. "बोट कापंल बया, मग बिस्कुटात घालावं लागंल," तुम्ही तिला म्हणताय, आणि ती कितीतरी दिवसांनी खदखदून हसतेय.

त्या कुकी फसल्या. आपल्याला बिस्किट म्हणजे कडक, एवढंच माहीत. ओव्हनमधून काढल्यावर बोट लावलं तर मऊ लागल्या, म्हणून मी परत आत ढकलल्या. पुन्हा मऊ, पुन्हा आत. गार झाल्यावर त्या फरशीवर पडल्या असत्या तर फरशी फुटली असती. तुमच्या तोंडात एकही दात नव्हता. चहात बुडवून बराच वेळ धरलीत, मग बाहेर काढून बघितलीत. "ही बिस्कुटं हायेत का जात्याचे खुंटे?" पुढं मला कळलं की त्या मऊ असतानाच काढायच्या, ताटलीत आपल्या आपण घट्ट होतात. तेव्हापासून मी तुमच्यासाठी मधल्या ओळीतल्या, थोड्या कच्चट वेगळ्या काढायची, आणि तुम्ही घोडीचं नाव न काढता खायचात.

तुम्ही माझ्या सासूबाई. लोकांना हे सांगावं लागायचं, कारण त्यांना तुम्ही माझ्याच आई वाटायचात. मुलगा घर सोडून गेल्यावर आई मुलाकडं जाते. तुम्ही चितेगावच्या पलीकडून गाठोडं घेऊन एसटीनं माझ्याकडं हर्सूलला आलात. मी दारात रडायला लागले तर म्हणालात, "आधी चहा टाक. रडायला आपल्याला लई दिवस हायेत."

एक दिवस तो तुम्हाला न्यायला आला. रविवार होता. कुकीचा घाणा ओव्हनमध्ये होता आणि मी स्वयंपाकघरातच थांबले, बाहेर आले नाही. तुमचं बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"आई, चल माझ्याकडं. लोक नावं ठेवतेत मला."

"ठिवू दे. त्यांना बी काहीतरी काम पाहिजे."

"तुला इथं कोण हाय?"

"नात हाय. सून हाय. तुला कोण हाय ते तू बघ."

 मग अगदी लहान मुलासारखा म्हणाला, "काय भाजतंय गं? लई भारी वास येतोय."

"ज्याचं घर, त्याचा वास. तू चपला घाल."

त्यानं चपला घातल्या. जिना उतरल्याचा आवाज आला, मग मोटरसायकलचा. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही खिडकीशी होतात, गज धरून, आणि मोटरसायकल दिसेनाशी झाली तरी हलला नाहीत. मी मऊ कुकी बशीत घालून आणली. तुम्ही बशी सरकवलीत. "आज नको. दात दुखत्यात."

आत्या, तुमच्या तोंडात दात नव्हता. मी बशी आत नेली. तुम्ही गेल्यावर मला जे सारखं आठवत राहिलं ते हेच वाक्य.

शेवटच्या आजारात तुम्ही सगळं नीट सांगून ठेवलंत. तोंडात पाणी मी घालायचं. अग्नी नातीनं द्यायचा. "आणि त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नको. मी असताना बी नाय, नसताना बी नाय. म्हण व्हय." मी हो म्हटलं. पोरीनं अग्नी दिला. तो लांब लिंबाच्या झाडाखाली उभा होता, आणि परत जाताना त्याला कुणी हाक मारली नाही. मीही नाही. तुमचा शब्द मी आजवर पाळला, तो जडही गेला नाही. मला तो माणूसच नको होता. आजही नकोय, हे तुम्ही नीट ऐका.

पण गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आता वाळूजला एका खोलीत एकटाच असतो. तिकडचं घरही टिकलं नाही. आवाज म्हातारा झालाय, आधी मी ओळखलाच नाही. म्हणाला, "आईची तिथी कधी असते? मला ठाऊकच नाय." मी सांगितली. तरी त्यानं फोन ठेवला नाही. म्हणाला, "काल सपनात आई मेंढरं हाकत होती. तिची ती हाक तू ऐकलीस का कधी?" मी नाही म्हटलं. तुम्ही माझ्याकडं आलात तेव्हा मेंढरं कधीच विकली गेली होती. मग त्यानं फोनवर ती हाक काढली. जीभ टाळ्याला लावून, लांब, मध्येच वर चढणारी. आत्या, मी तुमच्याशेजारी झोपले, तुमचं अंग पुसलं, तुमचे केस विंचरले, आणि ही हाक मला माहीत नव्हती. माळावर उभी असलेली एक तरणी बाई मला पहिल्यांदा दिसली, आणि ती त्याच्याकडं होती.

मी फोन ठेवला आणि घरभर फिरत राहिले. लेक पुण्याला असते. तिला तुमची मांडी आठवते, विळी आठवते, पण आवाज आठवत नाही म्हणते. तिनं विचारलं नसताना मी तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, "आई, तू ठरव." ती कामात असते, तिचं चुकत नाही. पण तुमच्याविषयी बोलायला मला आता कुणी उरलेलं नाही. आपल्या जिन्यातली माणसंही बदलली. "आमच्या आत्या असं म्हणायच्या" असं मी शाळेत सोबतच्या शिक्षिकांपैकी कुणाला सांगायला गेले, की ऐकणारीला आपल्या आत्या आठवतात. जगात तुमचा आवाज कानात असलेला माझ्याशिवाय एकच माणूस आहे, आणि त्यालाच मी दाराबाहेर ठेवायचं आहे.

पहिला घाणा काढलाय. मधली ओळ मऊ आहे.

तुम्हाला वाचता यायचं नाही. गावाकडून आलेलं पत्र मी मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. हे पत्र मी वाचून दाखवणार नाही. मोठ्यानं वाचलं तर तुमचं उत्तर मला ऐकू येईल, म्हणून. घडी करून ठेवून देईन. आणि एक सांगायचं राहिलं. त्यानं शेवटी विचारलं होतं, "त्या दिशी येऊ का?" म्हणजे तिथीला. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "सांगते."

तर सांगा, आत्या. नवरा म्हणून नाही, तुमचा लेक म्हणूनही नाही, फक्त तुमच्याविषयी बोलायला आलेलं माणूस म्हणून, उद्या जेवण होईपर्यंत, त्याला आत येऊ देऊ?