दार अकरा इंचांनी लांबवल्याचा खुलासा

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला खरा धरावास. कंबर धरल्यामुळे मी पालथा पडूनच लिहितो आहे. ती कशी धरली ते ओघाने येईल.) तू, भावोजी आणि दोन्ही भाचे खुशाल असाल अशी आशा आहे. भावोजींचा खोकला गेला का? गेला नसेल तर पंख्याखाली झोपणं बंद करा असं आई म्हणते. गेला असेल तरी बंद करा असंही म्हणते.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. ताई, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत तू त्याचा निकाल लावतेस, आणि हे मला बोलता येऊ लागल्यापासून चालू आहे. पत्रात ती सोय नाही. तेव्हा जरा निवांत बस आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कपाळावर हात मारू नकोस. विषय बाबांच्या गाडीचा आहे. (मारलास ना?)

'ती भंगारात घाल' हे तुझं मत मला पाठ आहे. गाडी बाबांच्या मागे एकोणीस वर्षं कोपऱ्यावरच्या लाकूडवाल्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती, हेही खरं. पाच माणसांच्या घरात दोन दारांची कूपे कोण आणतं, हा तुझा जुना प्रश्नही रास्त आहे. बाबांनी आणली. पाठीमागे उतरत गेलेलं तिचं छप्पर बघून त्यांचा जीव जडला, आणि जीव जडला की माणूस दारं मोजत नाही. पण मी गेले चौदा महिने जे चालवलंय ते बाबांच्या आठवणीसाठी नाही आणि माझ्या हौसेसाठी तर नाहीच नाही. ते आईसाठी आहे. (हे आईला माहीत नाही. माझ्यासाठी कुणी काही करायचं नाही हा तिचा कायदा तुला ठाऊकच आहे. तिला सांगितलंय की मला म्हातारपणीचा छंद लागला. तिने ते ताबडतोब मान्य केलं, याचं मला थोडं वाईट वाटलं.)

दोन वर्षांपूर्वीची टॅक्सी तुला फोनवर मी अर्धीच सांगितली होती, कारण आई शेजारी बसली होती. आता पुरी सांगतो. गुडघ्याच्या डॉक्टरांकडून परत येताना ती त्या बुटक्या सीटवर बसली खरी, पण गल्लीच्या तोंडाशी आल्यावर उठता येईना. डावा गुडघा वाकत नाही, आणि वाकवल्याशिवाय त्या दारातून पाय बाहेर निघत नाही. चाळीस मिनिटं चाललं ते. मी, ड्रायव्हर, औषधवाला आणि दोन हमाल. अर्धी गल्ली जमली. त्यातला एक हमाल, मनाने वाईट नव्हता बिचारा, म्हणाला की कपाट काढताना आम्ही आधी दारं काढून घेतो. लोक हसले. आईही हसली. घरात येऊन तिने पाणी मागितलं, आणि त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. तू नवं घर घेतलंस, दहादा बोलावलंस, ती दहाही वेळा 'बघू' म्हणाली. तुला वाटतं तिला तुझ्याकडे यायचं नाही. अगं, यायचंय तिला. ती रोज मला विचारते, ताईच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या अंगाला आहे रे? फक्त चारचौघांत पुन्हा कपाट व्हायचं नाही तिला.

उंच गाडी भाड्याने घ्यायची, असं आत्ता तू मोठ्याने म्हणालीस. घेतली होती. तिच्यात चढायला शिडी लागते. तेव्हा मी ठरवलं की आई गाडीच्या मापाची होत नसेल, तर गाडी आईच्या मापाची करायची.

पत्र्याचं काम करायला जो मिस्त्री मिळाला त्याने जन्मभर फक्त बसच्या बॉड्या बांधल्या. हाताला काय कसब आहे म्हणून सांगू! गंजून जाळी झालेला पत्रा कापून त्याजागी नवा असा बसवला की जोड शोधायला तुझ्यासारखी खोडकाढी नजर लागेल. फक्त सवय बसची. पहिल्या आठवड्यात त्याने कूपेला मागे शिडी लावायची का, असं विचारलं. मी नको म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात आतून एक दांडा लावला, छपरापासून खालपर्यंत, धरून उभं राहायला. मी म्हटलं, मिस्त्री, या गाडीत उभं राहता येत नाही. तो म्हणाला, आज नाही, पण दांडा असलेला बरा. (तो दांडा पुढे आम्ही दाराशेजारी आडवा बसवला, आणि खरंच बरा निघाला. पण हे मी त्याला कबूल केलेलं नाही.)

आईची मापं चोरून घ्यायची होती. तिला एकटीने उठता येतं ती फक्त स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची. ती मोजली, एकोणीस इंच. गाडीची सीट जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर हवी, म्हणून तिच्याखाली पेटी आली. सीट वर गेली तर डोकं छताला लागणार, म्हणून बसल्या उंचीचं माप आलं. त्यावर मिस्त्रीने गंभीरपणे विचारलं, अंबाडा धरून की सोडून? पायाचं माप तुझ्या भावजयीने शिवणाच्या टेपने घेतलं. स्वेटर विणायचाय अशी तिने थाप मारली. आई म्हणाली, घोट्यापासून मांडीपर्यंत कसला गं स्वेटर? तिला आता खरोखरच दोन लोकरी नळ्या विणाव्या लागल्या. आई त्या घालत नाही, पण आल्यागेल्याला दाखवते.

तर त्या मापांचा हिशेब असा निघाला की पाय सरळ ठेवून आत घ्यायचा तर दार अकरा इंचांनी लांब हवं. दारामागचा खांब कापून मागे सरकवला, दोन्ही बाजूंना, म्हणजे गाडी वाकडी दिसू नये. एवढं जड दार मूळच्या बिजागऱ्यांना पेलेना, तेव्हा मिस्त्रीने बसच्या बिजागऱ्या आणल्या. तो दिवस त्याच्या आयुष्यातला सुखाचा दिवस असावा. आमचे साहेब (यांना आम्ही मागून 'ओरिजिनल' म्हणतो, कारण जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत आणि दर वाक्यात तो शब्द असतो, केस सोडले तर त्यांचं सगळं ओरिजिनल आहे) मोठ्या प्रेमाने गाडी बघायला आले. दार बघितलं, दांडा बघितला, आणि ऑइलच्या पिंपावर बसून पाणी मागितलं. हा अत्याचार आहे, या गाडीला आता कुठल्याही प्रदर्शनात बक्षीस मिळणार नाही, असं म्हणाले. मग त्यांना पिंपावरून उठता येईना. (कंबर त्यांचीही गेली आहे.) मिस्त्रीने त्यांना धरून आईच्या सीटवर बसवलं. तिथून ते दांड्याला धरून सहज उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. जाताना त्यांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन त्याचा फोन नंबर लिहून घेतला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता मुद्द्यावर येतो. (हं, आत्ता.) गेल्या गुरुवारी, एक रंगाचा हात सोडून सगळं झाल्यावर, मी गाडी ऐटीत घरासमोर आणली. ताई, आम्ही आई मोजली, खुर्ची मोजली, अंबाडा मोजला. गल्ली मोजली नाही. गाडी दारासमोर उभी राहिली तेव्हा दोन्ही बाजूंना हातभर जागा होती, आणि दार तेवढंच उघडून समोरच्यांच्या भिंतीला टेकलं. दुसऱ्या बाजूचं आपल्या भिंतीला टेकलं. बाबा गाडी नेहमी कोपऱ्यावर का लावायचे, हे मला त्या क्षणी, पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. बरं, मी आतच. खिडकीतून निघायला गेलो, पोटापर्यंत निघालो आणि तिथे थांबलो. मिस्त्री बाहेरून हात ओढतोय, तुझी भावजय पाय आत ढकलायचे की बाहेर काढायचे ते मलाच विचारतेय, आणि वरच्या मजल्यावरून सूचनांचा पाऊस. कंबर तिथे गेली.

आणि तेवढ्यात मला हसू ऐकू आलं. आई दारात उभी होती. पदर तोंडाशी धरून अशी हसत होती की तिला चौकट धरावी लागली. दोन वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं गं. मग ती म्हणाली, "अरे गाढवा, आत हो आणि जसा आलास तसा मागे जा!" मी कसाबसा आत झालो. मिस्त्री मागे जाऊन हात करू लागला, पण आईचा त्याच्यावर विश्वास बसेना. ती उतरली. तीन पायऱ्या, ताई, कठडा धरून, एकेक करत, पण उतरली. बॉनेटवर हात टेकला आणि मला सांगू लागली, डावीकडे घे, माझ्या नाही तुझ्या डावीकडे, हळू, भिंत लोकांची आहे. मी गोगलगायीसारखी गाडी मागे घेतोय आणि ती बॉनेट धरून माझ्यामागे, म्हणजे पुढ्यात, चालतेय. मी काचेतून बघत होतो. आपण चालतोय हे तिच्या लक्षात नव्हतं, आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होतो, न जाणो तिला गुडघा आठवला तर! बासष्ट पावलं झाली कोपऱ्यापर्यंत. मी मोजली. मला दिसेनासं झालं होतं, कारण रडू येत होतं, आणि त्यामुळे डावीकडचा दिवा लाकूडवाल्याच्या ओंडक्यावर घासला. तो खर्च मी आनंदाने सोसला.

कोपऱ्यावर दार पुरतं उघडलं. मी बाहेर येऊन, कंबर धरून, तिला म्हटलं, बघतेस का बसून? तिने आजूबाजूला बघितलं, कोणी जमलंय का ते. मग दांडा धरला, बसली, पाय सरळ आत घेतला. कुणीही हात लावला नाही. मग बराच वेळ ती उतरेचना. पाय आखडला असेल म्हणून मी विचारलं तर नुसती समोर बघत होती, म्हणाली, थांब रे जरा. त्यानंतर रोज संध्याकाळी ती कोपऱ्यापर्यंत जाते, दिव्यावरचा ओरखडा बघते आणि मला नव्याने बोलते.

तेव्हा ताई, अकरा इंचांबद्दल जे काय बोलायचं ते बोल, पण तो आकडा आईच्या पायाचा आहे एवढं लक्षात ठेव. भावोजींना नमस्कार, भाच्यांना गोड पापे. पत्र लांबलं, पण आपल्या घरात सध्या सगळंच लांबतंय.

तुझा धाकटा

ता.क. खरं काम राहिलंच. तुझ्या फाटकासमोर आडवी पाच फूट मोकळी जागा लागेल. शेजाऱ्यांच्या कुंड्या हलवून ठेव, आणि दोन दणकट माणसं सांगून ठेव, न जाणो. घाई नाही. रंगाचा शेवटचा हात, दिवा आणि माझी कंबर धरून अजून महिना तरी जाईल.

ता.क. २. घात झाला. आत्ता आई म्हणाली की तू पड बाबा, मला एवढं चालता येतंय तर मी आपली बसनेच ताईकडे जाऊन येते. चौदा महिने, ताई! हे मिळाल्या मिळाल्या तिला फोन कर आणि सांग की तुमच्याकडे बस येत नाही. कधी येत नव्हतीच असं सांग.

चि. ताईस आईचे अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखलंस ना? याने पत्र पाकिटात घालायला सूनबाईकडे दिलं आणि डोळे मिटले, तेवढ्यात मी तिच्याकडून घेऊन सगळं वाचलं. गाडी कोणासाठी ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, पण त्याला एवढा आनंद होत होता, म्हणून गप्प बसले. बसचं मी मुद्दाम म्हटलं. तसं म्हटल्याशिवाय हा हलायचा नाही, शेवटचा हात, शेवटचा हात करत याने वर्ष घालवलं. मी गाडीनेच येणार आहे आणि पुढे बसणार आहे. तुझ्या बाबांच्या वेळी पुढे आत्या बसायच्या, त्यांना मागे मळमळायचं. बावीस वर्षं मी त्या गाडीत दोघांची डोकी बघत गेले. त्या गुरुवारी पुढे बसले तेव्हा कळलं, तिथून रस्ता केवढा दिसतो. म्हणून उतरत नव्हते, पाय ठीक होता. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी निघतोय. मिस्त्रींना सांगितलंय, याला अजून नाही. दाराशी माणसं उभी करू नकोस, मी माझी उतरेन. तुला बघायचंय गं, फार दिवस झाले. पत्र टाकायला सूनबाई चप्पल घालत होती, तिला थांबवलंय. टपालपेटी कोपऱ्याच्या पलीकडे, रस्ता ओलांडून आहे. मीच टाकून येते.